उतरता न येणाऱ्यांसाठी खिडकी : ठाणे-नवी मुंबईत ड्राइव्ह-थ्रूचा नव्याने विचार

पामबीच_वाशी (धागाकर्ता)

नमस्कार. सेवांची आखणी करणे हे माझे रोजचे काम आहे आणि हा धागा मी एका प्रश्नासाठी काढतो आहे. साखळी उपाहारगृहांची ड्राइव्ह-थ्रू खिडकी, म्हणजे गाडीतून न उतरता पदार्थ घेण्याची सोय, ठाणे आणि नवी मुंबईसाठी कोऱ्या कागदावर नव्याने आखायची झाली, तर ती कोणासाठी आखावी? मेनू कोणता असावा, ऑर्डर यंत्राने घ्यावी की माणसाने, हे सारे त्यानंतरचे.

ही सोय आळसातून जन्मली अशी अनेकांची समजूत असते. इतिहास थोडा निराळा आहे. कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे इन-एन-आउटने १९४८ साली गाडीत बसून बोलता येईल असा दुतर्फा ध्वनिक्षेपक बसवला, हे खरे. पण मॅकडोनल्ड्सने आपली पहिली खिडकी १९७५ साली अॅरिझोनातील सिएरा व्हिस्टा या गावात उघडली, ती शेजारच्या फोर्ट हुआचुका छावणीतील सैनिकांसाठी. कामाच्या गणवेशात असताना छावणीबाहेर गाडीतून उतरण्याची त्यांना मुभा नव्हती. भूक लागलेली, दुकान समोर, आणि उतरायचे नाही, अशा माणसासाठी भिंतीला भोक पाडले गेले.

आपल्याकडे हीच गोष्ट रेल्वेने कितीतरी आधी घडवली. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला बोरघाट चढायचा असतो. तिथला चढ दर ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र असल्यामुळे कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढ्या वेळात फलाटावरचा विक्रेता खिडकीच्या गजांतून वडा आत देतो, सुटे पैसे परत करतो आणि पुढच्या खिडकीकडे सरकतो. डब्यातल्या माणसाला उतरण्याची हिंमत होत नाही, कारण गाडी केव्हा हलेल याचा नेम नसतो. यातील सर्वांत शिकण्याजोगी बाब मला ही वाटते की थांबा इंजिनासाठी असतो, वड्यासाठी नसतो. विक्रेत्याने नवी रांग निर्माण केलेली नाही. असलेल्या खोळंब्यात त्याने आपली सेवा बसवली आहे.

आमच्या क्षेत्रात सेवेचा नकाशा काढण्याची एक पद्धत आहे. लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ती मांडताना रस्त्याच्या कोपऱ्यावरील बूट पॉलिशचे उदाहरण घेतले होते. ब्रश मारणे, पॉलिश लावणे, पैसे घेणे हे ग्राहकाला दिसणारे टप्पे एका रेषेच्या वर मांडायचे, आणि पॉलिशची डबी विकत आणण्यासारखी न दिसणारी कामे त्या रेषेखाली. दुसरी पद्धत अँथनी डन आणि फिओना रेबी यांच्यामुळे रूढ झाली. तिच्यात उद्याची एखादी वस्तू किंवा व्यवस्था, ती असावी की नसावी यावर लोकांनी बोलावे एवढ्याचसाठी, खरी असल्यासारखी तपशिलात रंगवतात. भाकीत करणे हा तिचा हेतूच नसतो. मी या दोन्ही पद्धती एकत्र वापरतो आहे.

तर कल्पना करू. दहा-पंधरा वर्षांनंतरची नवी मुंबई. न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली आहे. चालक रांगेत शिरताच त्याच्या फोनवर त्याचा क्रमांक आणि गेटपर्यंतचा अंदाजे वेळ येतो. त्यातच जेवणाचे दोन-तीन पर्याय असतात. तो एक निवडतो आणि जेवण रांगेच्या कडेने चालत त्याच्या केबिनपर्यंत येते. या व्यवस्थेत फिरते ती खिडकी. गाडी आपल्या जागी असते. इथे गाडीतून खरोखर उतरता येत नाही अशी माणसे कोण आहेत, हे आधी ठरवून मी निघालो तेव्हा ट्रेलरचालक, पावसाळी कपड्यांतला दुचाकीस्वार, साइड व्हील लावलेल्या स्कूटरवरची व्यक्ती आणि झोपलेले तान्हे मूल मागच्या आसनावर घेऊन एकटी गाडी चालवणारी आई, एवढी डोळ्यांसमोर आली. कळंबोलीला द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी असलेल्या खिडकीचा नकाशा काढून पाहिला, तर यांतल्या शेवटच्या व्यक्तीलाच ती पुरती उपयोगी पडते.

आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.


उरणफाटा

धागा आवडला. माझा वाहतुकीचा व्यवसाय आहे, म्हणून ट्रेलरपुरते लिहितो.

रांगेत चालकाला उतरता येत नाही, याचे कारण रांग थांबलेली नसते, ती रखडत सरकत असते. दहा मिनिटे काही हालचाल नाही आणि मग अचानक चार गाड्यांएवढी जागा मोकळी होते. त्या क्षणी आपण केबिनमध्ये नसलो, तर मागचा पुढे घुसतो आणि नंबर जातो. पूर्वी सोबत क्लीनर असे. तो उतरून चहा, पाणी, जेवण आणत असे. आता बहुतेक फेऱ्यांना चालक एकटाच असतो. म्हणजे जी सेवा क्लीनर देत होता ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. आपल्या नकाशात हे रेषेखालचे काम म्हणून जरूर नोंदवावे.

दुसरे, केबिनची उंची. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने हात पूर्ण वर केला तरच तो चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो. रस्सा असलेला पदार्थ त्या अवस्थेत वर देणे म्हणजे देणाऱ्याच्या बाहीवर सांडणे. चालक लोक कापडी पिशवी दोरीने खाली सोडतात आणि तीत वस्तू ठेवायला सांगतात, हे मी वारंवार पाहिले आहे. ही दोरी आणि पिशवी आपल्या कल्पनेतील सर्वांत महत्त्वाचे उपकरण ठरू शकेल.

तिसरे म्हणजे पदार्थ. निर्यातीचा कंटेनर असेल तर फॉर्म १३ पासून (कंटेनर बंदरात आत नेण्याचा परवाना) सीलपर्यंत सगळे कागद हाताशी ठेवून बसलेला चालक दोन्ही हातांनी खाण्याचे पदार्थ घेणार नाही. त्याला पोळीत गुंडाळलेली कोरडी भाजी, उकडलेली अंडी, केळी आणि झाकण लावलेला चहा हवा असतो. आणि स्पष्ट लिहितो, जेवणाइतकीच त्याला शौचालयाची गरज असते. पाणी कमी प्यायचे म्हणजे उतरावे लागणार नाही, असा हिशोब करून दिवस काढणारे चालक मला माहीत आहेत. जेवण गाडीपर्यंत पोहोचवून आपण त्याला आणखी काही तास केबिनमध्येच बसवून ठेवणार असू, तर ही सोय कोणाची झाली, याचाही विचार व्हावा.


घोडबंदरची_स्वार

दुचाकीबद्दल लिहिते, कारण माझा रोजचा प्रवास कासारवडवली ते वागळे इस्टेट स्कूटरवरून होतो.

आपल्याकडे चालक गाडीच्या उजव्या बाजूला बसतो, म्हणून ड्राइव्ह-थ्रूची इमारत उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेच्या दिशेने गाडी फिरते. मोटारीसाठी हे योग्यच आहे. दुचाकीस्वार मात्र थांबताना बहुधा डावा पाय टेकतो. गिअरच्या मोटारसायकलवर उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणून ती सवयच लागलेली असते. डावा पाय टेकला की गाडी डावीकडे, म्हणजे खिडकीपासून दूर झुकते. मग उजवा हात लांब करून पिशवी घ्यायची, तोही हात ॲक्सिलरेटरवरून काढून. पावसात हातमोजा ओला, फोन रेनकोटच्या आतल्या खिशात, आणि पिशवी कागदाची. ती मिळाल्यापासून हुकाला अडकवेपर्यंतच तिचा तळ भिजून सुटतो. मागच्या मोटारीचा हॉर्न एव्हाना सुरू झालेला असतो.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो कोणाला मोटारीत बसून सुचणार नाही. दुचाकीसाठी वेगळी अरुंद मार्गिका असावी, तिची खिडकी डाव्या हाताला असावी, वर पत्रा असावा आणि पिशवीला हँडलखालच्या हुकात बसेल असा बंद असावा. उलट बाजूने जाणारी मार्गिका म्हणजे इमारतीला दुसरी खिडकी लागेल, खर्च वाढेल. पण ठाण्याच्या रस्त्यांवर दुचाकी किती आणि मोटारी किती हे तीन हात नाक्यावरच्या एका सिग्नलला उभे राहून कोणालाही दिसते, त्यामुळे हा खर्च ज्यादाचा मानू नये.


सेक्टर_सतरा

मी नगररचनेच्या बाजूने आक्षेप नोंदवतो. खिडकीपाशी एका गाडीला ४० सेकंद लागतात असे धरले, तर तासाला जास्तीत जास्त ९० गाड्या सुटतील. ऑर्डर देण्यापासून पाकीट मिळेपर्यंत गाडी ६ मिनिटे आत राहिली, तर जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार (आतल्या गाड्या = गाड्या सुटण्याचा दर × आत राहण्याचा वेळ) एका वेळी सरासरी ९ गाड्या आत असतात. गाडीमागे ६ मीटर धरा, म्हणजे ५४ मीटर लांबीची मार्गिका केवळ उभे राहण्यासाठी खर्ची पडली. ती अपुरी पडली की रांग सार्वजनिक रस्त्यावर येते आणि पदपथ ओलांडून जाते. अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहराने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर बंदी घातली, ती पादचारी आणि प्रदूषण यांचा विचार करूनच. आपल्या शहरांतील जमीन पाहता भिंतीतली खिडकी नव्याने आखण्याऐवजी ती नाकारणेच योग्य होईल. धागाकर्त्यांची चालती खिडकी मला म्हणूनच अधिक रुचते, जर ती रस्ता अडवणार नसेल तर.


हेडसेट_काढला

मी महाविद्यालयात असताना एका साखळी उपाहारगृहाच्या खिडकीमागे काम केले आहे. नाव लिहीत नाही. वरची चर्चा गाडीतल्या माणसाची चालली आहे. मला खिडकीच्या आतल्या बाजूबद्दल सांगायचे आहे, कारण शोस्टॅक यांच्या रेषेखाली आम्ही उभे असायचो.

मार्गिकेच्या जमिनीत तारेचे वेटोळे पुरलेले असते. गाडी त्यावर आली की आतल्या पडद्यावर घड्याळ सुरू होते. आकडा आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. पाळी संपल्यावर त्या आकड्यांची सरासरी व्यवस्थापकासमोर असायची. त्यामुळे एखाद्याचा पदार्थ तळायचा राहिला असला, की आम्ही अतिशय नम्रपणे म्हणायचो, सर, गाडी थोडी पुढे घेऊन थांबा, आम्ही आणून देतो. गाडी वेटोळ्यावरून हलली की घड्याळ थांबे. ग्राहक मात्र तितकाच वेळ थांबलेला असे, आणि पावसात पाकीट घेऊन धावणारा मुलगा त्या आकड्यात कुठेच दिसत नसे. नोंद सुधारायची, सेवा जिथल्या तिथे.

हेडसेटचेही सांगते. समोरच्याला दिसत नाही की ऐकणारे कोण आहे, म्हणून गाडीतली भांडणे, फोनवरची बोलणी, आमच्या उच्चारांवरचे हसणे, सगळे थेट कानात येते. ऐकून न ऐकल्यासारखे करणे हेही काम होते आणि त्याचा पगार नव्हता. यंत्राकडून ऑर्डर घेण्याचा प्रयोग मॅकडोनल्ड्सने आयबीएमच्या साहाय्याने अमेरिकेत २०२१ साली सुरू केला आणि २०२४ मध्ये थांबवला. तो पुन्हा कोणी ना कोणी करेलच. तेव्हा आमच्यासारख्यांचे कान सुटतील की केवळ नोकरी सुटेल, हा प्रश्न कल्पनाचित्रात आत्ताच घालून ठेवावा. नव्या आखणीत घड्याळ ठेवायचेच असेल तर ते ग्राहकाच्या हाती पदार्थ पडेपर्यंत चालू राहावे, आणि आतल्या माणसाला पाच मिनिटे बसायला मिळाले की नाही, हेही त्याच पडद्यावर दिसावे.


नाका_कामगार

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी फेरीवाल्यांच्या प्रश्नांवर काम करतो आणि मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे.

धागाकर्त्यांनी ज्या चालत्या खिडकीची कल्पना केली आहे, ती आज अस्तित्वात आहे. सकाळी तुर्भ्याला बाजार समितीच्या दरवाजांबाहेर माल उतरवण्याची वाट पाहणाऱ्या ट्रकांमधून हातात किटली आणि कागदी पेल्यांची चळत घेऊन फिरणारी माणसे आहेत. त्यांना कोणता ट्रक नाशिकचा, कोणाला साखर चालत नाही, कोण आज पैसे देईल आणि कोण परतीच्या फेरीला देईल, हे सारे पाठ असते. हे ज्ञान कोणत्याही ॲपमध्ये नाही. अशा माणसाला आपण कल्पनाचित्रात गणवेश घालून, फोन देऊन, एखाद्या कंपनीचा माणूस करून टाकतो. मग दहा वर्षांनी कंपनीला मार्गाचा ठेका मिळतो आणि किटलीवाल्याला अतिक्रमण म्हणून उचलतात. कल्पनाचित्रे निरुपद्रवी नसतात; जे त्यांत रंगवलेले नसते ते पुढे नियमांतूनही गळते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती या गोष्टी बंधनकारक केल्या. फिरत्या विक्रेत्यांचाही त्या कायद्यात विचार आहे. अंमलबजावणी कशी रखडली हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. म्हणून माझी मागणी अशी की या धाग्यातील आराखड्याचा पहिला भागीदार तो किटलीवाला असावा. त्याला रांगेची माहिती द्या, सावली द्या, हात धुण्यास पाणी द्या, परावर्ती पट्ट्यांचे जाकीट द्या. पदार्थ कोणता आणि भाव काय, हे त्याला ठरवू द्या.


आनंदनगर_जकात

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मुलुंड-आनंदनगर, ऐरोली, वाशी इथे मार्गिका, छत आणि खिडकीची केबिन अशी ड्राइव्ह-थ्रूला लागणारी सगळी रचना आयती उभी आहे. अवजड वाहनांना तिथे अजूनही वेग कमी करावाच लागतो. त्यांच्या मार्गिकेत जेवणाची खिडकी का असू नये?


सेक्टर_सतरा

टोलनाक्यावरचा थांबा कमी करण्यासाठी २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा केला गेला. तिथे पुन्हा जेवणासाठी गाडी थांबवली, तर तीच रांग ऐरोलीच्या पुलावर मागे जाईल. कर्जतच्या उदाहरणातील मर्म हेच आहे की विक्रेत्यामुळे गाडीचा थांबा एका मिनिटानेही लांबत नाही. मी याला या धाग्याची अट मानावी असे सुचवतो: सेवेमुळे खोळंबा वाढत असेल तर ती सेवा त्या जागी नको.


तीन_चाकांची_सई

मी साइड व्हीलची स्कूटर चालवते. धाग्यात माझा उल्लेख उतरता न येणाऱ्यांत झाला, तो चांगल्या हेतूने झाला आहे याबद्दल शंका नाही. तरीही दोन गोष्टी सांगते.

बाजूच्या चाकांमुळे माझी स्कूटर रुंद होते आणि मला भिंतीच्या इतक्या जवळ जाता येत नाही की हात खिडकीपर्यंत पोहोचेल. मार्गिकेच्या कडेचा कठडा काही इंच आत घेतला, तर चाक त्याखाली सरकते. घोडबंदरच्या ताईंनी सुचवलेली अरुंद मार्गिका माझ्यासाठी निरुपयोगी आहे. तिची रुंदी स्कूटरच्या नव्हे, साइड व्हीलच्या मापाने ठरवा, म्हणजे सगळ्यांचे काम होईल.

आणि महत्त्वाचे म्हणजे मला गाडीतच राहायचे नसते. मैत्रिणींबरोबर टेबलाशी बसून खायचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्य प्रवेश हा माझा हक्क आहे. दुकानाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि खिडकीत सेवा आहे, मग रॅम्प कशाला, असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. आपल्या आराखड्यात जिथे खिडकी असेल तिथे आधी रॅम्प असेल, असे लिहा. उतरता न येणे आणि उतरू न देणे यांत फार मोठा फरक आहे.


पामबीच_वाशी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काही प्रतिसादांनी आराखडा मुळातून बदलला आहे, म्हणून नवी मांडणी लिहितो.

मी चार प्रकारची माणसे एका सूत्रात बांधली होती. आता त्यांचे दोन गट पाडतो. सई यांच्यासारख्या ग्राहकांना उतरायचे आहे, पण इमारत त्यांना उतरू देत नाही. तिथे नवी खिडकी आखणे म्हणजे जुना अन्याय सोयीस्कर करणे होईल. तो भाग मी चालत्या खिडकीच्या कल्पनेतून काढून उपाहारगृहाच्या प्रवेशद्वाराच्या आराखड्यात घेतो, रॅम्प पहिल्या ओळीत. मोटारसायकल आणि स्कूटरसाठी डाव्या हाताची, साइड व्हीलच्या रुंदीची, छत असलेली मार्गिका हा त्याच आराखड्याचा दुसरा भाग.

ट्रेलर आणि ट्रक यांचा गट उरतो आणि माझे सगळे लक्ष आता तिथेच आहे. सेक्टर_सतरा यांची अट स्वीकारली. नाका_कामगार यांच्या म्हणण्यानंतर चित्रातून कंपनी काढून टाकली. विक्रेता स्वतःचा, पदार्थ त्याचा, भाव त्याचा. त्याला मिळणारी नवी गोष्ट एकच, रांग कोणत्या वेळी किती लांब असेल याचा अंदाज, म्हणजे किती पोळ्या लाटायच्या हे घरीच ठरवता येईल. वाया जाणाऱ्या अन्नाचा भुर्दंड आज सर्वस्वी त्याच्यावर पडतो. हेडसेट_काढला यांच्या सूचनेप्रमाणे चालकाचे किंवा विक्रेत्याचे सेकंद मोजणारे घड्याळ या व्यवस्थेत कुठेच नाही. मोजायचेच असेल तर गेटवरील खोळंबा मोजावा आणि तो फलकावर सर्वांना दिसावा. शौचालयासाठी रांगेत जागा राखून ठेवण्याची सोय, म्हणजे चालक १० मिनिटे उतरला तरी त्याचा क्रमांक जाणार नाही अशी नोंद, हा सेवेचा पहिला टप्पा केला आहे आणि जेवण दुसरा.

प्रत्यक्ष वस्तूंपैकी दोरीची पिशवी आणि डबा या दोनच मी कागदावर उतरवायला घेतल्या आहेत. राज्यातील प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, तेव्हा एकदा वापरून फेकण्याचे डबे धरलेलेच नाहीत. स्टीलचा डबा रांगेच्या शेपटाशी द्यावा आणि गेटाजवळ दुसऱ्या विक्रेत्याने परत घ्यावा, असा विचार आहे. उरणफाटा यांना विचारतो: चालक तो परत देतील का, की अनामत रक्कम ठेवावी लागेल?


उरणफाटा

अनामत ठेवू नका. चालकाला रोजचा भत्ता ठरलेला असतो, त्यातले पैसे डब्यात अडकले तर तो जेवणच घेणार नाही. डबा परत देण्यात कोणाला अडचण नाही. अडचण अशी आहे की गेटाजवळ कागद दाखवण्याची धांदल असते आणि तिथे पोलिस कोणाला उभे राहू देत नाहीत. परत घेण्याची जागा गेटाच्या आधी, वजनकाट्यापाशी ठेवा. तिथे प्रत्येक गाडी पूर्ण थांबते आणि चालकाचे दोन्ही हात मोकळे असतात. डबा उभट हवा, कारण डॅशबोर्डवर पसरट डबा ठेवला की ब्रेक मारताच तो पायाशी येतो. झाकण एका हाताने उघडता आले पाहिजे आणि दोरीच्या पिशवीत आडवे झाले तरी आमटी बाहेर येता कामा नये. असा डबा कोणाच्या पाहण्यात असल्यास छायाचित्र इथे द्यावे. मी माझ्या गाड्यांवर देऊन चालकांचे म्हणणे कळवतो.